चष्मा माझ्याकडे होता

यंदा भिशीतून कुणी मिक्सर घ्यायचा नाही,
कुमुद झोपे म्हणाली, गोव्याला जायचं.
आम्ही हसलो.
मग एकेक जण हसायची थांबली.

भुसावळहून गोवा एक्स्प्रेस. सावद्याच्या नऊ जणी.
कळण्याच्या भाकरी, भरीत, ठेच्याची बरणी,
आणि सिंधूकाकी बेंडाळे, सत्तरीला दोन कमी,
जिनं तोवर पाहिलेलं सगळ्यात मोठं पाणी
हतनूरचं, दरवाजे उघडल्यावरचं.

कळंगुटला ती बराच वेळ उभी राहिली.
"एवढं पानी," म्हणाली, "आन् घोटभर पेता येत नही."
हॉटेलात नाश्त्याला केळं आलं.
तिनं देठ पाहिला, बोटानं दाबलं.
"कच्चंच काढेल हाये,"
आणि बशी सरकवली,
घडाच्या मालकाची कीव आल्यासारखी.

तिसऱ्या दिवशी, आम्ही शिंपले वेचत असताना,
ती छत्रीवाल्या पोराशी घासाघीस करत होती.
बाराशेचे नऊशे केले.
साडीचा काचा मारला.
चपला, पिशवी, चष्मा माझ्या हातात दिला.
"धर."

बोट सुटली. दोर ताणला.
जिला गिरणीच्या तीन पायऱ्या चढताना
आम्ही हात देतो,
ती वर गेली.
आधी बिबड्याएवढी.
मग पापडखाराच्या खड्याएवढी.
आम्ही आठ जणी खाली, माना मोडेस्तोवर,
विमल तर डोळे मिटून मारुतीचं नाव घेत होती.

उतरली तेव्हा गुडघ्यापर्यंत ओली.
बोलली नाही. नुसता हात पुढे केला.
चष्मा घातला,
आणि आम्हाला एकेकीला पाहिलं,
बाजारातून पोरं मोजून आणावीत तसं.

कुमुदनं फोटो टाकला ग्रुपवर.
परतीची गाडी मनमाड गाठायच्या आत
पुण्याहून मुलाचा फोन.
काही झालं असतं तर? लोक काय म्हणतील?
काकीनं फोन कानापासून वीतभर लांब धरला
आणि खिडकीबाहेरची कांद्याची चाळ पाहत राहिली.

आता चैत्र. तिच्या धाब्यावर बिबडे थापतोय,
सकाळी आठलाच पत्र्याला हात लावता येत नाही.
उत्तरेला सातपुडा, धुळीनं अर्धा पुसलेला,
खाली केळीच्या बागा, फाटक्या पानांची फडफड.
ओल्या फडक्यावर गोळा ठेवते
आणि काकी सांगते
वरून काय काय दिसलं.

परवा: पाण्याचे तीन रंग.
काल: एक बाई वाळूत बसून पोराला पोहे चारताना,
पोह्यांवर शेव होती.
आज: पाण्यात बांध असतात, म्हणे,
शेतासारखेच, सरळ,
कुणाचं पाणी कुठवर ते ठरलेलं असतं.

मला तिचा नंबर माहीत आहे.
जळगावला डोळे दाखवायला मीच नेते.
चष्म्याशिवाय तिला
जावई आणि गॅसचं सिलिंडर
यातलं कोण दारात उभं आहे ते कळत नाही.
आणि तो सगळा वेळ चष्मा
माझ्या मुठीत होता,
काचांवर मीठ चढत.

एकदा ओठांवर आलंही.
हाताला चीक होता, तीळ चिकटले होते,
कपाळावरचा घाम पुसावा कशानं हे सुचत नव्हतं,
अशा वेळी माणूस खरं बोलून जातं.

तेवढ्यात विमल म्हणाली, "चौदा बोटी? खरंच मोजल्या?"
काकी थांबली.
माझ्याकडे बोट केलं, पिठानं भरलेलं.
"हे तं खालीच व्हती. इले इचार."

मी फडकं झटकलं.
"हो," म्हटलं, "चौदाच होत्या."

काकीनं बिबडा उलटा टाकला, कडा बोटानं सारखी केली.
"पंधरा," म्हणाली.
"एक तुह्या मांगं व्हती."